ड्रेस तंगही झालाय आणि लांबही: करवलीच्या अनारकलीचं काय करायचं?

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडच्या एका ताईंच्या धाकट्या भावाचं लग्न तुळशीच्या लग्नानंतरच्या मुहूर्तावर आहे आणि करवली त्याच आहेत. सकाळी नऊवारी ठरलीय. संध्याकाळच्या रिसेप्शनला मात्र २०१९ मध्ये स्वतःच्या साखरपुड्यासाठी शिवलेला वाइन रंगाचा अनारकली घालायचाय. रॉ सिल्क, १२ कळ्या, खाली जरीचा काठ, गळ्याला जरदोसी, बिनबाह्यांचा. बाळंतपणानंतर तो छातीत आणि कंबरेत तंग झालाय, डाव्या बगलेखालची चेन अर्ध्यावर अडते. ड्रेसची छाती ३६ इंच, अंगाचं माप आता ३७. कंबर ३३, अंगाची ३४. तेव्हा दीड इंच टाचेच्या सँडल होत्या, आता सपाट चपलांशिवाय चालवत नाही, त्यामुळे ड्रेस जमिनीवर लोळतो. बाह्याही हव्या आहेत. दोन टेलर म्हणाले, ‘आतली माया उघडून सैल करून देतो’ (माया म्हणजे शिवणीच्या आत सोडलेलं जादा कापड), तिसऱ्याने ‘त्यापेक्षा नवीनच शिवा’ म्हणून बोळवण केली. हातात दीड महिना आहे. आईच्या जुन्या पैठणीचे काठ लावले तर कसं दिसेल, असंही त्यांनी विचारलंय.

ताई, ड्रेस होण्यासारखा आहे. पण माया उघडून नाही. रॉ सिल्कवर तो सगळ्यात वाईट मार्ग आहे आणि बहुतेक टेलर तोच आधी सांगतात, कारण त्यात मेहनत कमी.

हे स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं असेल तर ड्रेस उलटा करा. बगलेच्या शिवणीत कंबरेजवळ, जिथे कुणाचं लक्ष जात नाही तिथे, दोन इंच टीप उसवा. उसवताना दोरा ओढायचा नाही. एका बाजूने दर तिसरा-चौथा टाका रिपरने कापायचा आणि दुसऱ्या बाजूने सबंध दोरा उचलायचा, म्हणजे कापड खेचलं जात नाही. आता त्या जागी आतून कोरडं मलमल ठेवून वाफेची इस्त्री दाखवा आणि नखाने धाग्याच्या दिशेने हलकेच घासा. सुती कापड किंवा जॉर्जेट असेल तर सुईची भोकं बरीचशी भरून येतात. रॉ सिल्क, सॅटन, टाफेटा यांच्यावर मात्र ठिपक्यांची रांग तशीच राहते. आणखी एक गोष्ट दिसेल: मायेतला रंग बाहेरच्यापेक्षा गडद आहे. इतकी वर्षं तो उजेडापासून आणि घासण्यापासून लपलेला होता. माया उघडली की दोन्ही बगलांखाली गडद पट्टा येणार आणि त्याच्या कडेला जुन्या टीपेची भोकं. हॉलच्या झगमगाटात ती नजरेतून सुटतील, फोटोत सुटणार नाहीत.

हिशेबानेही ते पुरत नाही. ३७ इंच अंगाला ३७ इंचाचा ड्रेस म्हणजे जेवायला बसलं की जीव गुदमरणार. विणलेल्या, न ताणणाऱ्या कापडाला अंगापेक्षा निदान दीड इंच सैलपणा हवा. म्हणजे छाती साडेअडतीस, कंबर साडेपस्तीस. दोन्हीकडे अडीच इंच कमी. शिवणी दोन, प्रत्येकीला पुढची आणि मागची अशा दोन कडा, एकूण कडा चार. पाऊण इंच माया असली आणि त्यातली तीन सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) आत ठेवली, तर प्रत्येक कडेतून तीन सूत, सगळं मिळून दीड इंच निघतो. त्याहून जास्त काढलं तर टीपेपलीकडे कापडच उरत नाही. रॉ सिल्कचे दोरे सुटतात, ताण आला की टीपेजवळ वीण सरकते आणि शिवण न उसवताच तिथे फट पडते. अशी फट रफू होत नाही.

म्हणून माझ्याकडे रॉ सिल्कसाठी एकच नियम आहे: जुनी टीप नेहमी नव्या टीपेवर किंवा तिच्या आत, मायेच्या बाजूला राहिली पाहिजे. बाहेर कधीच नाही. कापड हवं असेल तर दुसरीकडून आणा, पण जुनी शिवण उघड्यावर आणू नका.

तुमच्या ड्रेसमध्ये गंमत अशी आहे की तीन तक्रारी एकमेकींच्या कामाला येतात.

आधी लांबी. ड्रेस दीड इंच लांब पडतोय आणि खाली जरीचा काठ आहे, म्हणजे तो खालून दुमडता येत नाही. काठ उसवून वर घ्यायचा तर कळ्यांचा खालचा घेर आणि काठाची लांबी जुळत नाही, चुण्या पडतात. टेलर ‘खालून आत घेतो’ म्हणाला तर सरळ नको म्हणा. अनारकली कमी करायचा तो वरून, कंबरेच्या शिवणीतून. घेर बॉडीपासून पूर्ण सोडवायचा, नवी टीप दीड इंच खाली मारायची आणि परत जोडायचा. काठाला हातही लागत नाही.

आता हे बघा. कळी वर अरुंद, खाली रुंद असते. तुम्ही कळीची मापं दिलेली नाहीत म्हणून तुमच्या ३३ इंच कंबरेवरून धरते: कळी वर पावणेतीन इंच, खाली १२ इंच, लांबी ४०. म्हणजे एक इंच खाली उतरलं की प्रत्येक कळी पाव इंचाहून थोडी कमी रुंदावते. १२ कळ्यांचे मिळून साधारण पावणेतीन इंच झाले. तुम्ही दीड इंच उतरणार, म्हणजे कंबर आपोआप चार इंचांच्या वर वाढली. हवे होते अडीच. जास्तीचा दीड इंच १२ शिवणींत मुरवायचा: प्रत्येक शिवणीत मिळून एक सूत, म्हणजे दोन्ही कळ्यांकडून अर्धा-अर्धा सूत. ही टीप वर चार बोटं सरळ घेऊन खाली अलगद जुन्या टीपेत मिसळायची. बाहेरून कुणाला कळत नाही. आणि नियमही पाळला गेला: जुन्या टीपा सगळ्या मायेत गेल्या, भोकं दिसायचा प्रश्नच नाही.

घरी टेलरशी बोलण्याआधी एक कळी मोजून घ्या. वरची रुंदी, खालची रुंदी, लांबी. खालच्यातून वरची वजा करा, लांबीने भागा, कळ्यांच्या संख्येने गुणा. दर इंचामागे कंबर किती वाढते ते येतं. आठ कळ्यांचा किंवा अंब्रेला घेराचा ड्रेस असेल तर आकडा वेगळा येईल, तत्त्व तेच. सरळ चुण्यांचा घेर असेल तर मात्र हे लागू नाही, तिथे चुण्या सैल करायच्या, काम आणखी सोपं.

राहिली वरची बॉडी. तिथे दोन्ही बगलांखाली पट्टी घालायची. बगलेपासून कंबरेपर्यंत, तयार रुंदी सव्वा इंच. दोन्हीकडे मिळून अडीच. जुनी बगलेची शिवण उसवायची, तिच्या पुढच्या कडेला पट्टीची एक बाजू आणि मागच्या कडेला दुसरी, दोन्ही बरोब्बर जुन्या टीपेवर जोडायच्या. भोकं परत टीपेखाली. कापताना पट्टी सव्वादोन इंच रुंद घ्या, दोन्हीकडे अर्धा इंच माया. उभा धागा लांबीच्या दिशेने. आडव्या धाग्यात कापली तर घातल्यावर पट्टी फुगते आणि बगलेखाली पोपटाची चोच दिसते.

पट्टी म्हटलं की बायका नाक मुरडतात, ‘ठिगळ लावल्यासारखं दिसेल’ म्हणून. ठिगळ दिसतं ते रंग जवळजवळ जुळला पण पूर्ण जुळला नाही तेव्हा. इतक्या वर्षांच्या रॉ सिल्कला तंतोतंत जुळणारं कापड मिळत नाही. ताणा आणि बाणा, म्हणजे उभे आणि आडवे धागे, वेगळ्या रंगाचे असले तर उजेडाप्रमाणे छटा बदलते, मग तर आशाच सोडा. त्यामुळे जुळवायच्या नादी लागू नका. सरळ दोन छटा गडद घ्या, जांभळाच्या जवळ जाणारा. आणि बाह्याही त्याच कापडाच्या करा. हात खाली सोडला की बाहीतूनच पट्टी खाली उतरलीय असं वाटतं. कंबरेच्या शिवणीत त्याच कापडाची उरेब, म्हणजे तिरकी, पट्टी कापून बारीक पायपिंग (आत दोरी घातलेली गोट) भरलं की वरचं आणि खालचं बांधलं गेलं. एवढंच. आणखी कुठेही ते कापड नको.

पाऊण मीटर घ्या. ४४ इंच पन्ह्यात कोपरापर्यंतच्या दोन्ही बाह्या शेजारी शेजारी निघतात, खालच्या तुकड्यातून पट्ट्या आणि पायपिंग. लक्ष्मी रोडवरच्या मॅचिंगच्या दुकानांत जाताना ड्रेसच घेऊन जा, मोबाइलमधला फोटो नव्हे. दुपारी जा आणि दोन-तीन तागे बाहेर रस्त्यावर उजेडात आणायला सांगा. दुकानदार कुरकुरतात, पण आणतात. चेन, हूक, अस्तर रविवार पेठेत मिळून जातं. दोरा कापडापेक्षा एक छटा गडद घ्या. फिकट दोरा टीपेवर उठून दिसतो.

बाह्यांविषयी थोडं सविस्तर सांगते, कारण बिघाड होतो तो इथेच. बिनबाह्यांच्या ड्रेसचा मुंढा, म्हणजे हात घालायची गोलाई, मुद्दाम वर आणि घट्ट कापलेला असतो, नाहीतर आतलं दिसतं. त्याच मुंढ्याला बाही जोडली तर हात वर जात नाही, आणि गेलाच तर अख्खा ड्रेस वर खेचला जातो. मुंढा खाली खोदायला हवा, पण खोदला तर छातीतलं कापड जातं. तुमच्याकडे हे दुखणं बगलेतल्या पट्टीने आधीच निम्मं सोडवलंय. पट्टीचं वरचं टोक मुंढ्याचाच भाग होतं, म्हणजे प्रत्येक मुंढा सव्वा इंचाने मोठा झाला. खोदायचा तो अर्धा इंच, आणि तोही पट्टीच्या नव्या कापडात. जुन्या सिल्कला कात्री लागत नाही.

बिनबाह्यांचा खांदाही अरुंद असतो. तो वाढवता येत नाही, त्यामुळे तेवढी भर बाहीच्या वरच्या गोलाव्यात द्यावी लागते. किती, ते कागदावर ठरत नाही. टेलरला मांजरपाटाची (साध्या स्वस्त सुती कापडाची) एक बाही कापायला सांगा, फक्त एक, आणि ती कच्च्या टाक्याने जोडून ट्रायल घ्या. ट्रायलला आरशासमोर ताठ उभं राहून काही कळत नाही. रिसेप्शनला करवली काय करते? नवरा-नवरीच्या बाजूला उभी राहते, पुढे वाकून पाकिटं घेते, आत्यांना मिठी मारते, पोराला कडेवर घेते. हे सगळं तिथे दुकानात करून बघा. पोर बरोबर नसेल तर पर्स कडेवर घ्या, लाजू नका. पाठीत मुंढ्यापासून मुंढ्यापर्यंत आडवी ओढ दिसली तर बाही मागून अर्धा इंच रुंद हवी. बगलेत तिरकी सुरकुती आली तर मुंढा अजून खोदायला हवा. मांजरपाटावर खुणा करून मगच सिल्क कापायचं.

काही रेडीमेड ड्रेसच्या आत टाचून दिलेल्या बाह्या असतात, त्यांचा मुंढा बाही लावायच्या हिशेबानेच कापलेला असतो. त्यांना हा सगळा खटाटोप नको. तुमचा शिवून घेतलेला आहे, म्हणून सांगितलं.

आता हे सगळं सुरू करण्याआधीची तपासणी. ती मी मुद्दाम मागे ठेवली, कारण आधी सांगितली असती तर तुम्ही घाबरून ड्रेस परत कपाटात ठेवला असता.

बगल बघा. साखरपुड्याच्या दिवशी घाम आला असेल, ड्रेस तसाच घडी घालून ठेवला असेल. घामातल्या क्षारांनी रेशीम कमजोर होतं. बगलेजवळचं कापड दोन्ही हातांच्या चिमटीत धरून हलकेच ताणा, आधी उभं, मग आडवं. तडतडल्यासारखा आवाज आला किंवा दोरे अलग झाले तर तिथे टीप टिकणार नाही. डागाळलेला भाग अर्ध्या इंचाचाच असेल तर मुंढा खोदताना तेवढ्यापुरती जुन्या सिल्कलाही कात्री लावून तो काढून टाकता येतो. चार बोटं पसरला असेल तर ह्या ड्रेसवर पैसे घालू नका, तिसरा टेलर बरोबर होता.

अस्तर बघा. कित्येकदा तंग झालेलं असतं ते अस्तर. सुती अस्तर शिवण्याआधी पाण्यातून काढलेलं नसेल तर पहिल्याच धुण्यात आवळतं, वरचं सिल्क मात्र तसंच. ओळखायची खूण: ड्रेस घातल्यावर बाहेरचं कापड फुगून चुण्या पडतात आणि आतून मात्र काच बसतो. तसं असेल तर आधी बगलेत अस्तर उसवा आणि चेन लावून बघा. तुमचा अडीच इंचाचा हिशेब कदाचित खाली येईल. नाही आलं तरी अस्तरालाही तेवढीच पट्टी घालावी लागणार आहे. टेलर बाहेर पट्टी घालतात आणि अस्तर विसरतात, मग सगळा ताण अस्तराच्या जुन्या शिवणीवर. नवं सुती अस्तर घेतलंत तर रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून मगच टेलरकडे द्या. ‘आम्ही करतो’ म्हणाले तरी तुम्हीच करा.

रॉ सिल्क खरं आहे का तेही बघून घ्या. मायेतला एक धागा काढून ताटलीत जाळा. केस जळल्याचा वास आला आणि काळी भुकटी बोटाने चुरली गेली तर रेशीम. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. पॉलिस्टर असेल तरी वरचं सगळं लागू आहे, फक्त इस्त्री मंद.

आणि ड्राय क्लीन आधी, शिवण नंतर. जुन्या डागावर गरम इस्त्री फिरली की तो पक्का बसतो, आणि या कामात इस्त्री पावलोपावली लागते. रॉ सिल्कवर पाण्याचे थेंब मारून इस्त्री करू देऊ नका, गोल डाग पडतात. आतल्या बाजूने, मलमलीवरून. जरदोसीवर तर इस्त्री नकोच. तार चपटी होते. जरदोसीचे दोरे कुठे सुटले असतील तर आधी त्या कारागिराकडे, मग टेलरकडे. उलट केलंत तर कारागीर ड्रेस चौकटीवर ताणतो आणि नव्या शिवणी खेचल्या जातात.

जरदोसी गळ्यापुरती आहे म्हणून आपण सुटलो. तीच बगलेच्या शिवणीपर्यंत गेलेली असती तर शिवणीवरचं काम आधी सोडवून, मागे गाठी मारून, पट्टी घातल्यावर परत भरावं लागलं असतं. यंत्राची सुई जरदोसीवर चालत नाही, मोडते. ते काम हाताचं, सावकाशीचं आणि महागाचं.

चेन नवीनच घाला. जुनी उसवून परत लावू नका, तिचे दात आणि कापड दोन्ही थकलेले असतात. कन्सिल चेन, पट्टीच्या मागच्या कडेच्या शिवणीत. पुढच्या कडेला घातली तर हात हलला की दिसते. वरच्या टोकाला एक हूक हवाच. कंबरेच्या जोडावर आता पायपिंग आलं आहे, तिथे थर जाड होतो आणि चेन अडते. म्हणून त्या जागी पायपिंगची दोरी अर्धा इंच आतून कापून टाकायला सांगा, नुसतं कापड पुढे जाऊ द्या. हे सांगितलं नाही तर ऐन वेळी चेन बरोबर कंबरेवरच अडकणार.

सुई नवी, ११ नंबरची. बोथट सुईने सिल्कचा धागा ओढला जातो आणि टीपेच्या बाजूने आडवी रेघ उमटते. टेलर जीन्स शिवत असेल तर मशीनवर कोणती सुई आहे ते विचारायला संकोच करू नका.

आता पैठणी. आधी तिची उलट बाजू बघा. हातमागाच्या पैठणीत काठ-पदराची नक्षी दोन्ही बाजूंनी सारखीच दिसते, मागे दोरे लोंबत नाहीत. तशी असेल तर तिला कात्री लावायचा विचार सोडून द्या, अंगावरच्या भागाला भोकं असली तरी. रफू करणारे पुण्यात आहेत. मागे सुटे दोरे दिसले आणि साडी अशीही नेसण्यासारखी राहिली नसेल, तर काठ वापरायला हरकत नाही, पण या ड्रेसवर नको. खाली जरी, वर जरदोसी, आणि मध्ये पैठणीचा काठ: तिन्ही जरी वेगवेगळ्या पिवळ्या. एक लालसर, एक पांढरट, एक काळवंडलेली. जवळ जवळ आल्या की प्रत्येक जण दुसरीला जुनी ठरवते. शिवाय बाहीच्या टोकाला वजनदार काठ लावला की बाही खाली ओढली जाऊन खांद्यावरून सरकते. काठ फारच मनात असेल तर त्याची हातात धरायची बटवा-पर्स शिवा. नऊवारीवरही चालेल.

मागचा गळा खोल आहे, तो भरून घेऊ का, असंही तुम्ही विचारलंय. नका भरू. जरदोसीची कड उचलून आत नेट बसवायचं म्हणजे सगळं काम हलणार. खांदा अर्धा इंच वर उचलला तर गळा वर येतो, हे कुणीतरी सुचवेल. येतो, पण त्याबरोबर मुंढाही आक्रसतो आणि पुढचे टक्स (छातीच्या आकारासाठी घेतलेल्या चिमटी) छातीच्या वर सरकतात. आत्ताच मुंढा कष्टाने मोकळा केलाय. मागे डोरी आहे ना, ती नवी करा आणि दुपट्टा एका खांद्यावरून मागे मोठा सोडा. भागतं.

टेलर निवडताना, ज्यांनी तो ड्रेस शिवला ते अजून असतील तर पहिली पसंती त्यांना. त्यांना आपली कापणी माहीत असते. नसतील तर फक्त दुरुस्तीची कामं घेणाऱ्यांकडे जा. मोठ्या बुटीकवाल्यांना अशा कामात रस नसतो आणि ते नवीन शिवायलाच लावतात. ‘सैल करून द्या’ एवढं सांगून ड्रेस टाकून येऊ नका. ‘बगलेत सव्वा-सव्वा इंच पट्टी जुन्या टीपेवर, घेर कंबरेतून दीड इंच वर, काठाला हात नाही, मांजरपाटाची ट्रायल’ असं चिठ्ठीवर लिहून ड्रेसला टाचा. ट्रायलला ज्या चपला लग्नात घालणार त्याच घालून जा, आतले कपडेही तेच. आणि कापलेलं सगळं परत मागा. कंबरेतून निघालेली सिल्कची चिंधी पुढे बटण मढवायला, रफूला, कशालाही लागते.

मजुरीविषयी माझं मत: तसाच ड्रेस आज शिवायला जेवढी शिलाई पडेल तिच्या निम्म्याच्या आत हे काम बसलं तर करा. त्याच्यावर जाऊ लागलं तर टेलरला काय काय उसवणार ते मोजून दाखवायला सांगा. बहुतेक वेळा त्याने गरज नसताना काठ किंवा गळा त्यात धरलेला असतो.

दीड महिना म्हणजे भरपूर वाटतो, पण मध्ये दिवाळी आहे. दिवाळीच्या आधी टेलर नवीन काम घेत नाहीत आणि नंतर आठवडाभर कारागीर गावाहून परतत नाहीत. ड्राय क्लीन आणि अस्तर या आठवड्यात उरका, कापड पुढच्या. पहिली कच्च्या टाक्याची ट्रायल दिवाळीआधी झालीच पाहिजे, मग भले पक्की शिवण नंतर होवो. घेर परत जोडला की ड्रेस एक रात्र रुंद हँगरवर टांगून ठेवायला सांगा. कळ्यांच्या तिरक्या कडा स्वतःच्या वजनाने थोड्या उतरतात. उतरल्यावर खालचा काठ जमिनीपासून पट्टीने चहूबाजूंनी मोजायचा. कुठे दोन-तीन सूत फरक आला तर तो कंबरेतूनच दुरुस्त होतो, पण पायपिंगवर शेवटची टीप पडायच्या आधी.

आणि बाळ अंगावर पीत असेल तर चेनबद्दल टेलरला तेव्हाच सांगा. बगलेतली चेन नेहमीपेक्षा तीन इंच खालपर्यंत, कंबरेच्या जोडाखाली कळीत उतरवली की खोलीत जाऊन ड्रेस पटकन काढता-घालता येतो. हे नंतर सुचलं तर पायपिंग परत उसवावं लागतं.